टोपिरामेट की प्रोप्रॅनोलॉल? अर्धशिशी रोखणाऱ्या गोळ्यांचा माझा हिशेब

महिन्यातले आठ-दहा दिवस अंधाऱ्या खोलीत डोकं बांधून काढल्यावर डॉक्टरांनी रोजची गोळी सुचवली. चार वर्षांत तीन घेऊन झाल्या.

अमिट्रिप्टिलीन, रात्री 10 मिलिग्रॅम. झोप झकास, पण ती सकाळीही सोडीना. फोंड्याला बसलो की पणजीला कंडक्टर उठवायचा. ज्यांची मुळात झोपच उडालीय, त्यांना कदाचित हीच मानवेल.

नुसत्या डोक्याचं बोलायचं तर टोपिरामेटला तोड नाही, निदान मला तरी. 25 पासून वाढवत 100 वर गेलो आणि दहाचे अटॅक तीनवर आले. वजन उतरलं. बोटांना मुंग्या यायच्या, लिंबूसोडा साध्या पाण्यासारखा लागायचा (फसफस जिभेला ज्या एन्झाइममुळे कळते, तेच ही गोळी अडवते), मुतखडा नको म्हणून पाणी ढोसायचं. हे सगळं चाललं असतं.

पण शब्द जायला लागले. बायकोकडे खवणी मागायची तर 'ते... नारळाचं' म्हणून हात हलवायचा. घरात हसून सोडून देतात. जत्रेच्या नाटकात मी सुभेदार. वाक्य पाठ, अर्थ डोळ्यांसमोर, आणि नेमका एक शब्द गायब. प्रॉम्प्टर ओरडून थकला. आमच्या वाड्यावर पंधरा वर्षं पाठांतरासाठी नाव असलेला माणूस मी! त्या तालमीनंतर डॉक्टरांकडे गेलो.

प्रोप्रॅनोलॉल खरं तर हृदयाचं औषध. छातीत दुखणाऱ्या रुग्णांची अर्धशिशीही कमी झाली, हे 1966 मध्ये योगायोगानं लक्षात आलं. आता 80 घेतो. अटॅक चार-पाच, म्हणजे टोपिरामेटपेक्षा जास्तच. देवळाच्या पायऱ्या चढताना नाडी साथ देत नाही. पण शब्द परत आले, आणि पहिल्या एंट्रीची हातांची थरथरही गेली, ती फुकटात. धाकट्या भावाला दमा आहे, त्याला मात्र ही चालत नाही. आणि मनाला येईल तेव्हा एकदम बंदही करायची नसते.

मूल हवं असेल त्या बायकांनी टोपिरामेटबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं. आणि कुठलीही घ्या, दोन-तीन महिने तरी द्या. मी अमिट्रिप्टिलीनला तेवढे दिले नाहीत, हे कबूल.

टोपिरामेटची अर्धी पट्टी अजून कपाटात आहे. पाच अटॅकांच्या महिन्यात तिची आठवण येते. मग तालमीची वेळ होते.