गोवंडी की मोखाडा? पोषणशिक्षणाचं प्लेसमेंट निवडण्याआधी महिने बघा

होम सायन्सच्या शेवटच्या वर्षाला मुंबईतल्या विद्यार्थिनींपुढे फील्ड प्लेसमेंटसाठी साधारण दोन तऱ्हेचे पर्याय येतात. एक, गोवंडी-मानखुर्दसारख्या वस्तीतली अंगणवाडी. दुसरा, पालघर जिल्ह्यातले जव्हार-मोखाड्याचे पाडे. निवड बहुतेक वेळा 'घरून जाऊन-येऊन जमेल का' किंवा 'आदिवासी भागातलं काम सीव्हीत उठून दिसेल' एवढ्यावरच होते. मी आधी विचारेन, तुमचे महिने कोणते?

भात झोडून झाला, दिवाळी उरकली की मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं लेकरांसकट भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. डिसेंबरात तिथे गेलात तर अनेक घरांना कुलूप असतं. आज एखाद्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला, म्हणजे मूल तीव्र कुपोषित, सॅम. आणि पंधरा दिवसांनी परत मोजायला जावं तर आई-बाप त्याला घेऊन भट्टीवर गेलेले. अशा वेळी पोषणशिक्षण कुणाला देणार? हिवाळी सत्राचं प्लेसमेंट असेल तर सरळ गोवंडी घ्या.

जून ते सप्टेंबर असेल तर उलट. कुटुंबं गावात असतात, पण लावणीच्या दिवसांत बाया सकाळीच शेतावर जातात. सकाळी अकराची 'माता बैठक' फक्त अहवालात भरते, खरी भेट संध्याकाळी चुलीपाशीच. याच दिवसांत कणगीतलं धान्य संपत आलेलं असतं आणि रानात मात्र टाकळा, कुर्डूसारख्या भाज्या उगवलेल्या असतात. नाचणी, वरी इथलीच. कॉलेजात शिकलेला 'संतुलित थाळी'चा तक्ता गुंडाळून ठेवा आणि घरात आहे त्यातून सात-आठ महिन्यांच्या बाळाला काय भरवता येईल ते बघा. पेज पातळ असते. ती चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट करणं आणि वर थोडं तेल घालणं, एवढं एक आईच्या हाताने करून घेतलंत तरी पुष्कळ झालं. आदिवासी भागात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत ताजं जेवण मिळतं. तिथे जेवायला बसलेल्या बायांशी होणारं बोलणं कुठल्याही भाषणापेक्षा कामाचं.

गोवंडीत प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते शिकवायला जास्त अवघड. बाजार दाराशी असतो, नसतो तो वेळ. दहा बाय दहाची खोली, पाणी ठरावीक वेळेला किंवा विकतचं, आई घरीच जरीकाम करत बसलेली. मूल रडलं की पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट, सकाळी चहा-खारी. तिला 'सकस शिजवा' सांगणं म्हणजे तिच्या दिवसाचा हिशेबच न कळणं. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, डाळ विकतच आणावी लागते. त्याच पाच-दहा रुपयांत फुटाणे, शेंगदाणे, केळं, एखादं अंडं कसं बसवायचं यावर बोलता आलं तरच ती ऐकेल. टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, वाटतात त्या दिवशी बाया आपणहून येतात. तो दिवस चुकवू नका. पाकिटातलं पीठ घरी गेल्यावर कोण खातं तेही विचारा. पुष्कळदा सगळं घर खातं.

भाषेचंही बघा. गोवंडीत बहुतेक काम हिंदीत चालेल. मोखाड्यात वारली, ठाकूर, कातकरी घरांतली बोली मराठीच्या जवळची वाटते, म्हणून आपल्याला सगळं कळलं असा भ्रम होतो. आशाताईंना सोबत घेतल्याशिवाय घरात शिरू नये.

राहण्याचा प्रश्न थोडक्यात सांगते. गोवंडीला हार्बर लाइन आहे, रात्री घरी परत. मोखाड्याला रेल्वे नाही. कसारा किंवा नाशिककडून एसटी नाहीतर जीप. राहायची सोय कॉलेजने लेखी दिली नसेल तर हो म्हणू नका.

दोन्हीकडे एक धोका सारखाच. अंगणवाडी सेविकांवर पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपमधल्या नोंदींचा इतका भार असतो की मोबाइल सराईत हाताळणारी मुलगी आली की तिच्याकडे आपसूक तेच काम येतं. ताईंना मदत जरूर करा, पण आठवड्यातले किती दिवस गृहभेटींचे, हे पर्यवेक्षिकेशी पहिल्याच दिवशी ठरवा.

रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र हा तिसरा पर्यायही कुणी सुचवेल. तिथे सॅम मुलं साधारण १४ दिवस दाखल असतात. एफ-७५, एफ-१०० ही त्यांच्या उपचाराची खास दुधं कशी द्यायची ते नीट शिकता येतं. क्लिनिकल डाएटीशियन व्हायचं असेल तर उत्तम, पण घरी परतलेल्या मुलाचं पुढे काय होतं ते तिथून दिसत नाही.

मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्याच हद्दीत आहे. उन्हाळ्यात तिथले पाडे टँकरची वाट बघतात, आणि इकडे गोवंडीत बाया कॅनने पाणी विकत घेतात. त्यामुळे 'हात धुवा, भाज्या धुवा' हे सत्र घेण्याआधी, कुठेही गेलात तरी, घरात आज किती हंडे पाणी आहे ते आधी विचारा आणि सत्र त्यावर बेता.