व्हिलनव्ह की सँ-मार्तँ?

फ्रेंच शिकणाऱ्या मैत्रिणीला गावांच्या नावांवर प्रकल्प करायचाय. या दोन नावांत ती अडकली आहे.

पसारा: सँ-मार्तँ सरळ पुढे. फ्रान्समध्ये दोनशेहून जास्त गावं, त्याच नावाची दॉमार्तँसारखी रूपं वेगळीच.

उगम: सँ-मार्तँ म्हणजे संत मार्तँ, 397 साली वारलेले तूर शहराचे बिशप. चर्च त्यांचं, म्हणून गावही त्यांचं. बहुतेक ठिकाणी गोष्ट एवढीच. व्हिलनव्ह, म्हणजे ‘नवं गाव’, जास्त रसाळ. मध्ययुगात राजे, सरदार, मठ करसवलतीचं आमिष दाखवून माणसं वसवत. सातव्या लुईनं 1163 मध्ये वसवलेलं व्हिलनव्ह-स्युर-योन त्यातलंच. (‘नवं’ गाव, वय साडेआठशेच्या वर!) नैऋत्य फ्रान्समधल्या गास्कनीत हेच नाव व्हिलनाव्ह होतं.

नकाशावर ठिपके मांडायचे असतील तर सँ-मार्तँ घ्यावं. सनदा, कर, वसाहती यांत रमणाऱ्यानं व्हिलनव्ह.