बडा पाहुणा आणि स्थानिक चॅनेल: मुलाखत कुठे घ्यावी, थेट की रेकॉर्डेड, आवाजाने की कागदाने?

सांगली-साताऱ्यातल्या चॅनेलचा मोठा पाहुणा बहुतेक वेळा एकच माणूस असतो. तो साखर कारखान्याचा चेअरमन असतो, शिक्षण संस्थेचा अध्यक्ष असतो, बँकेवर संचालक असतो आणि आजी किंवा माजी आमदारही असतो. दिवाळीच्या आणि वाढदिवसाच्या जाहिरातीही त्याच्याच संस्थांकडून येतात. त्यामुळे ‘निर्भीड प्रश्न विचारा’ एवढा सल्ला इथे पुरत नाही. मुलाखतीचा घाट कसा ठरवायचा, हे आधी पक्कं करावं लागतं. त्यासाठी समोर असलेले पर्याय खाली शेजारी शेजारी ठेवले आहेत.

थेट प्रक्षेपण की रेकॉर्डिंग

थेट मुलाखतीत काटछाट होत नाही, म्हणून प्रेक्षकांचा विश्वास जास्त असतो. पण मुरलेला पुढारी थेट मुलाखतीत वेळ खातो. 24 मिनिटांच्या कार्यक्रमात एका उत्तराला चार मिनिटं घेतली, की सहा प्रश्नांत खेळ संपतो. शिवाय त्याने तिसऱ्याच माणसावर आरोप केला तर तो तसाच बाहेर जातो, आणि बदनामीच्या नोटिशीत चॅनेलचंही नाव येतं.

रेकॉर्डिंगचा धोका उलटा. ‘तेवढं काढून टाका’ हा फोन कॅमेरे आवरण्याआधीच येतो. एक काढलं की दुसऱ्यालाही नाही म्हणता येत नाही.

लहान चॅनेलसाठी आम्ही मधला मार्ग सुचवतो: रेकॉर्डिंग करायचं, पण थेट असल्यासारखं, न थांबता. कॅमेऱ्याच्या चौकटीत कुठेतरी भिंतीवरचं घड्याळ दिसू द्यावं, म्हणजे तुकडा गाळला तर काटा उडी मारतो आणि तो कुणालाही दिसतो. केबलवर 24 मिनिटांचा कार्यक्रम आणि यूट्यूबवर पूर्ण रेकॉर्डिंग, असं दोन्ही दाखवणार हे पाहुण्याला आधीच लेखी कळवावं. पाहुण्याच्या माणसांना स्वतःच्या मोबाइलवर चित्रीकरण करायचं असेल तर खुशाल करू द्यावं. नंतर ‘तोडून-मोडून दाखवलं’ म्हणायला जागा राहत नाही.

मुलाखत संपल्यावर मुलाखतकाराचे प्रश्न किंवा मान डोलावणं वेगळं चित्रित करून जोडण्याची पद्धत इथे टाळावी. प्रश्नातला एक शब्द बदलला तरी उत्तराचा अर्थ बदलतो.

बंगल्यावर की स्टुडिओत

बंगल्यावर पाहुणा मोकळा बोलतो हे खरं. पण तिथे सोफ्यामागे आठ-दहा कार्यकर्ते उभे असतात, चांगल्या वाक्याला टाळी पडते आणि अवघड प्रश्नाला चहा येतो. बाराव्या मिनिटाला पीए घड्याळ दाखवतो. स्टुडिओत हे काही नसतं, पण अनेक बडे पाहुणे स्टुडिओत यायला तयारच होत नाहीत, हीही वस्तुस्थिती आहे.

तेव्हा जागेपेक्षा अटी महत्त्वाच्या. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये बीबीसीच्या एमिली मेटलिस यांनी ब्रिटिश राजघराण्यातले तेव्हाचे प्रिन्स अँड्र्यू यांची मुलाखत बकिंगहॅम पॅलेसमध्ये जाऊन घेतली. जागा पाहुण्याची होती, पण प्रश्नही बीबीसीचे होते आणि संपादनही. प्रक्षेपणानंतर चारच दिवसांत अँड्र्यू यांना सार्वजनिक जबाबदाऱ्यांतून बाजूला व्हावं लागलं. बंगल्यावर जायचंच झालं तर तीन गोष्टी आधी ठरवाव्यात: खोलीत पाहुण्यासोबत एकच माणूस, तोही कॅमेऱ्यामागे, मधे चहा नाही, आणि वेळ किमान 35 मिनिटं, म्हणजे वापरण्याजोगी 24 हाती लागतात. पंखा आणि एसी बंद करून आवाजाची चाचणी घ्यावी. जनरेटर खिडकीखालीच असेल तर खोली बदलून मागावी. कॉलरचे माइक दोघांनाही लावावेत. नुसत्या कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबलं तर नेमका प्रश्नच ऐकू येत नाही, आणि प्रश्न न ऐकलेल्या प्रेक्षकाला टाळाटाळ कळत नाही.

कॅमेऱ्यासमोर ‘साहेब’, ‘दादा’, ‘आबा’ नको. ‘आपण’ आणि पदाचं नाव पुरेसं आहे. बाहेर कसं बोलायचं ते बोला, पण पडद्यावर ‘दादा, व्याज का दिलं नाही?’ असं विचारलं की प्रश्नाचा अर्ज होतो.

प्रश्न आधी द्यावेत का

सगळे प्रश्न लिहून दिले तर पाठ केलेली उत्तरं मिळतात. काहीच कळवलं नाही तर ‘माहिती घेऊन सांगतो’ ही पळवाट उघडी राहते, आणि ती रास्तही वाटते, कारण पाच संस्थांचे आकडे कुणाच्याच तोंडपाठ नसतात. प्रश्न देऊ नयेत, पण कागदांची यादी द्यावी, तीही किमान 48 तास आधी: ‘आम्ही कारखान्याचा शेवटचा वार्षिक अहवाल, 2019 आणि 2024 ची आपली निवडणूक प्रतिज्ञापत्रं आणि साखर आयुक्तालयाची एफआरपीच्या (केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराच्या) थकबाकीची यादी यांवर बोलणार आहोत.’ मग ‘बघून सांगतो’ म्हणता येत नाही. यादी दिल्यावर पाहुण्याने भेटच रद्द केली, तर ती यादी आणि रद्द केल्याचा निरोप, दोन्ही बातमीत सांगता येतात.

आवाजी पद्धत की कागदी पद्धत

आवाज चढवून एकच प्रश्न रेटायचा, की कागद पुढे ठेवून विचारायचं? निकाल इथेच लागतो.

आवाजी पद्धतीचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण म्हणजे 1997 मध्ये बीबीसीचे जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न बारा वेळा विचारला ते. लोक त्यातला हट्ट लक्षात ठेवतात. पण तो प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर देता येईल असा होता, विषय आधीच गाजलेला होता, आणि म्हणूनच प्रत्येक वेळची टाळाटाळ स्पष्ट दिसली. आपल्याकडे ‘तुम्ही शेतकऱ्यांना लुटलं की नाही?’ हा प्रश्न बारा वेळा विचारला तर पाहुण्याला बारा वेळा भाषणाची संधी मिळेल.

2007 मध्ये पत्रकार करण थापर यांनी गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांच्या मुलाखतीची सुरुवातच 2002 च्या दंगलींवरून केली आणि जेमतेम तीन मिनिटांत मोदी उठून गेले. ती चित्रफीत आजही फिरते. प्रश्न रास्तच होता, पण बाकी काही विचारायला वेळच उरला नाही. याच्या उलट 2020 मध्ये पत्रकार जोनाथन स्वान यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या कोरोना मृत्यूंच्या तक्त्यावर नुसता हिशोबाचा प्रश्न काढला: तुम्ही रुग्णांच्या प्रमाणात मृत्यू दाखवताय, मी लोकसंख्येच्या प्रमाणात विचारतोय. आवाज चढवावा लागला नाही.

आपल्या भागात ही दुसरी वाट जास्त चालते. ऊस बिलाचंच घ्या. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत एफआरपी द्यावी लागते, नाहीतर वार्षिक 15 टक्के व्याज लागतं. 2025-26 साठी दर 10.25 टक्के रिकव्हरीला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या उताऱ्याला) टनाला 3,550 रुपये आहे. त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला टनामागे 34 रुपये 60 पैसे जास्त, आणि यातून तोडणी-वाहतूक वजा होते. शेतकऱ्याच्या हाती टनाला 3,000 रुपये यायचे होते आणि ते 60 दिवस उशिरा आले असं धरा. व्याज टनाला सुमारे 74 रुपये होतं. पाच लाख टन गाळपावर ते 3 कोटी 70 लाखांच्या घरात जातं.

आता ‘शेतकऱ्यांचे पैसे का थकवले?’ असं विचारलं, तर उत्तर साखरेच्या दरावर, इथेनॉलवर आणि केंद्राच्या धोरणावर जातं. त्याऐवजी पायऱ्या अशा लावाव्यात. 14 दिवसांची मुदत आपल्याला मान्य आहे ना? डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या उसाचं बिल कोणत्या तारखेला जमा झालं? रिकव्हरी चालू हंगामाची धरली की मागच्या? उशिराचं व्याज दिलं का, आणि दिलं असेल तर वार्षिक अहवालात ते कोणत्या पानावर आहे? चौथ्या पायरीवर धोरणाचं भाषण सुरू होत नाही, कारण पहिल्या तीन उत्तरांनी रस्ता अरुंद झालेला असतो.

संपत्तीच्या प्रश्नात तर बहुतेक मुलाखतकार फसतात. ‘पाच वर्षांत संपत्ती तिप्पट कशी झाली?’ याचं तयार उत्तर आहे: ‘वडिलोपार्जित जमिनीचे दर वाढले.’ आणि अनेकदा ते खरंही असतं. उमेदवाराने भरायच्या नमुना 26 च्या प्रतिज्ञापत्रात प्रत्येक जमिनीचा गट नंबर, ती वारशाची की स्वतः घेतलेली, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजचा बाजारभाव असे वेगळे रकाने असतात. पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रातलं उत्पन्नही असतं, उमेदवाराचं, जोडीदाराचं, एकत्र कुटुंबाचं आणि अवलंबितांचं. दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून जुने गट नंबर खोडावेत. जे उरतात त्यांतले वारशाचे सोडले की नवी खरेदी कळते. मग प्रश्न एवढाच राहतो: ‘हे तीन गट 2019 मध्ये नव्हते, खरेदी किंमत एवढी, त्या वर्षांचं उत्पन्न एवढं. उरलेली रक्कम कर्जाची की विक्रीची?’ कर्ज असेल तर ते त्याच प्रतिज्ञापत्राच्या देणी या भागात दिसायला हवं.

पाहुणा कधीच उमेदवार नसेल, नुसता पैसेवाला आणि वजनदार असेल, तर प्रतिज्ञापत्र मिळत नाही. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून त्याच्या कंपनीचे ताळेबंद बघता येतात. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. राज्याच्या कायद्याखालच्या सहकारी संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि सभांचं इतिवृत्त बघण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला कलम 32 ने दिलेला आहे, म्हणून एखादा सभासद सोबत असला की काम सोपं होतं. माहिती अधिकाराला दहा रुपये लागतात पण 30 दिवस जातात, तेव्हा अर्ज मुलाखत ठरायच्या आधीच टाकलेला बरा.

कागदी पद्धतीलाही एक खोट आहे. आकडे फार झाले की विट्यात किंवा कोरेगावात घरी बसलेला प्रेक्षक चॅनेल बदलतो. एका मुलाखतीत तीनच विषय, प्रत्येकाला एकच कागद, आणि तो कागद पडद्यावर अधोरेखित करून दाखवावा. अवघड विषय पाचव्या मिनिटाच्या सुमारास काढावा. पहिल्याच प्रश्नाला काढला तर पाहुणा उठू शकतो, आणि शेवटी ठेवला तर पीए उठवतो.

उत्तर टळलं तर प्रश्न त्याच शब्दांत तीनदा विचारावा. तिसऱ्यांदाही टळलं तर ‘या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही’ असं शांतपणे नोंदवून पुढे जावं. ‘विषय न्यायप्रविष्ट आहे’ असं म्हटलं तर दोषी की निर्दोष हे विचारूच नये, पण तारीख, रक्कम आणि सही कुणाची हे नोंदीवर असलेलं विचारता येतं. पाहुणा उठलाच तर कॅमेरा चालू ठेवावा, त्याच्या मागे धावू नये. राहिलेले प्रश्न रिकाम्या खुर्चीसमोर वाचून दाखवावेत.

जाहिरातीचं काय

पाहुण्याच्या संस्थांची जाहिरात चालू असेल तर ते पडद्यावर सुरुवातीला लिहावं. मुलाखत आणि जाहिरात यांचे फोन एकाच माणसाने करू नयेत, मग चॅनेल चार माणसांचं असलं तरी. निवडणुकीच्या काळात पैसे घेऊन दाखवलेली मुलाखत ही पेड न्यूज ठरते आणि तिचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो. मतदान संपेपर्यंतच्या 48 तासांत प्रचाराचा मजकूर दाखवायला बंदी आहे, तेव्हा अशी मुलाखत त्या खिडकीत लावूच नये.

मूळ फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावं आणि त्याची हॅश किंमत (फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा आकडा) त्याच दिवशी काढून ठेवावी. प्रकरण कोर्टात गेलं तर 2023 च्या साक्ष अधिनियमातल्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात ती द्यावी लागते. पाहुण्याने नंतर एखाद्या आकड्याचा खुलासा कागदासह पाठवला, तर तो पुढच्याच भागात, त्याच वेळेला, पूर्ण वाचून दाखवावा. आपला आकडा चुकला असेल तर यूट्यूबवरच्या मूळ व्हिडिओखालीही तशी दुरुस्ती लिहावी.