डीबी-टूसाठी झिप प्रोसेसर: बरेच महिने वापरल्यावर

पुण्यात बसून परदेशातल्या एका विमा कंपनीचं मेनफ्रेम (मोठ्या कंपन्यांचा मध्यवर्ती संगणक) सांभाळतो. जावावाल्यांचं सगळं काम डीडीएफमधून, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेणाऱ्या दारातून, डीबी-टू या डेटाबेसवर येतं, म्हणून झिप, म्हणजे ठरावीक कामांसाठीचे वेगळे प्रोसेसर, वाढवले तेव्हा वरच्यांना वाटलं, बिल धाडकन खाली येणार. आलं, पण सरसकट नाही.

आयबीएमने 2006 मध्ये आणलेल्या या प्रोसेसरवर चाललेलं काम एमएसयूत, म्हणजे सॉफ्टवेअरचं बिल ज्यावर ठरतं त्या मापात, मोजलं जात नाही. जेडीबीसी टाइप 4 या जावाच्या ड्रायव्हरने टीसीपी-आयपी नेटवर्कवरून येणाऱ्या एसक्यूएलच्या कामापैकी साधारण 60 टक्के तिकडे जाऊ शकतं, तेही प्रोग्रॅमची एक ओळ न बदलता. सकाळच्या गर्दीत बिलासाठी धरल्या जाणाऱ्या चार तासांच्या सरासरीचा आलेख पूर्वीसारखा डोकं वर काढत नाही.

एक गंमत मात्र आहे. आमचे जनरल सीपी (नेहमीचे प्रोसेसर) कमी क्षमतेचे घेतलेत, झिप पूर्ण वेगाने पळतो. त्यात डीबी-टू काही थ्रेड (एकेका जोडणीचं काम) जवळपास अख्खे झिपवर पाठवतो, काही अजिबात नाही. म्हणजे तीच क्वेरी, तोच ॲक्सेस पाथ (डेटा शोधायचा मार्ग), आणि वेळ दोन तऱ्हेचा. मग डेव्हलपरचा ठरलेला फोन, "रात्री इंडेक्सला हात लावलात का?"

खरी अडचण जुन्या कोबॉल स्टोअर्ड प्रोसिजरची, म्हणजे डेटाबेसमार्फत चालवल्या जाणाऱ्या कोबॉल प्रोग्रॅमची. कॉल बाहेरून आला तरी त्या डब्ल्यूएलएमच्या (कामांचे अग्रक्रम सांभाळणारी यंत्रणा) वेगळ्या ॲड्रेस स्पेसमध्ये टीसीबीवर, म्हणजे साध्या टास्क म्हणून, चालतात, झिप त्यांना शिवत नाही. सर्वाधिक कॉल होणाऱ्या काही प्रोसिजर नेटिव्ह एसक्यूएलमध्ये, म्हणजे डीबी-टूच्या आतच चालतील अशा, लिहून घेतल्या, तेव्हा कुठे आकडे हलले. सीआयसीएस या मेनफ्रेमवरच्या व्यवहार-यंत्रणेतून येणाऱ्या एसक्यूएलला डीडीएफची ही सवलत नाही.

आरएमएफच्या (मेनफ्रेमची कामगिरी मोजणारं साधन) रिपोर्टमध्ये झिपच्या आकड्यावर खूश होण्याआधी शेजारचा आयआयपीसीपी हा आकडा बघा. झिपवर जाण्याजोगं असूनही सीपीवर सांडलेलं काम तिथे दिसतं, आणि ते बिलात येतं. महिनाअखेरीला आमच्याकडे तो आकडा हमखास फुगतो. आयआयपीऑनरप्रायॉरिटी हे सेटिंग 'नो' करा, सांडणं थांबेल, असं सांगणारे भेटतात. पण मग प्रीफेच (डेटा आधीच वाचून ठेवणं), डिफर्ड राइट (बदल मागाहून लिहिणं) ही डीबी-टूची स्वतःची कामंही झिपवर जात नाहीत. माझ्या मते 'येस'च ठेवावं आणि झिप काठोकाठ भरू देऊ नये. डब्ल्यूएलएममधलं डीडीएफच्या कामाचं वर्गीकरणही तपासा, नाहीतर काम सिसअदर या वर्गीकरण न झालेल्या कामांच्या गटात पडून शेवटच्या रांगेत ताटकळतं.

डीडीएफचा भार मोठा असेल तर झिप डोळे झाकून विकत घ्या. बॅच आणि सीआयसीएसच जास्त असेल, तर आधी महिनाभराचे एसएमएफ रेकॉर्ड (यंत्रणेच्या वापराच्या नोंदी) काढा. आमच्या उरलेल्या प्रोसिजरची यादी तयार आहे, फक्त ते कोबॉल वाचू शकणारा माणूस मिळायचाय.