पाच लाखांचं सरकारी कार्ड आहे, मग मेडिक्लेम कशाला?

मागच्या महिन्यात मामेभावाचा फोन आला, "दादा, रेशनकार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार फुकट मिळतायत तर मी वर्षाला बावीस हजारांचा प्रीमियम कशाला भरतोय?" अर्धा तास बोललो तरी गाडी तिथेच, म्हणून आता सगळं लिहूनच काढतो. आमच्या घरात दोन्ही वापरून झालेत, सासऱ्यांची अँजिओप्लास्टी सरकारी योजनेतून आणि माझं पित्ताशयाचं ऑपरेशन मेडिक्लेममधून, त्यामुळे हे सगळं स्वतः अनुभवलेलं आहे.

आधी सरकारी. महाराष्ट्रात २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली, कव्हर दीड लाखाचं होतं आणि पांढऱ्या कार्डवाल्यांना बहुतेक ठिकाणी दारच बंद. १ जुलै २०२४ पासून ते कुटुंबाला वर्षाला ५ लाख झालं आणि पांढरं रेशनकार्डही चालायला लागलं. केंद्राचं आयुष्मान यालाच जोडलेलं आहे. प्रीमियम नाही, वेटिंग पिरियड (कव्हर सुरू व्हायला थांबायची मुदत) नाही, शुगर-बीपी आधीपासून असलं तरी पहिल्या दिवसापासून कव्हर, वय कितीही चालतं. ही शेवटची वाक्यं प्रायव्हेट कंपनीच्या तोंडून सहसा ऐकायला मिळत नाहीत.

पण मेख योजनेतल्या हॉस्पिटलांच्या यादीत आहे. रात्री सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं, दहा मिनिटांवर चांगलं हॉस्पिटल, तिथे नेलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला "आमच्याकडे योजना नाही". मग अँब्युलन्स करून चाळीस किलोमीटर. तिथे योजना होती, आरोग्यमित्राचं (योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाचं) टेबल होतं, टेबलावर पाण्याची बाटली होती, आरोग्यमित्र सकाळी आले. रेशनकार्डावर नाव दत्तात्रय आणि आधारवर दत्तू, झालं, कॅश काउंटर म्हणे आधी डिपॉझिट भरा मग बघू. इमर्जन्सीत फोनवरून तात्पुरती मंजुरी घेऊन कागद नंतर देता येतात हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, मेहुण्याने फोन लावला तेव्हा कळलं. पण एकदा मंजुरी आली आणि स्टेंट पडला की डिस्चार्जला बिल शून्य, औषधाची पिशवी सुद्धा हातात दिली. शून्य म्हणजे खरंच शून्य.

आणखी एक, इथे प्रत्येक उपचाराचं पॅकेज, म्हणजे एकरकमी दर, ठरलेलं असतं, जनरल वॉर्ड मिळतो, आणि काही ऑपरेशन्स सरकारी हॉस्पिटलसाठीच राखीव आहेत. ओपीडी, तपासण्या, महिन्याच्या गोळ्या यातलं एकटं काहीच बसत नाही, अ‍ॅडमिट व्हावं लागतं.

आता प्रायव्हेट. इथे हॉस्पिटल तुमच्या पसंतीचं, खोली तुमच्या पसंतीची, असं एजंट सांगतो, आणि खोलीवरच मी मार खाल्ला. माझी पॉलिसी ३ लाखांची, रूमला रोजची लिमिट एक टक्का म्हणजे ३,००० रुपये. मी घेतली ५,००० ची, म्हटलं दोन दिवसांचे वरचे चार हजार आपण देऊ, त्यात काय एवढं. कंपनीने काय केलं, तीन भागिले पाच म्हणजे साठ टक्के, तर सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग वगैरेचं जे ८०,००० चं बिल होतं त्यातले पण साठच टक्के दिले. म्हणजे ३२,००० तिथे गेले, ४,००० खोलीचे, आणि ग्लोव्हज-सिरिंज असल्या वस्तूंचे ७,००० वेगळे. एका खोलीपायी ३६,०००, सगळे मिळून ४३,००० खिशातून. नशीब औषधं आणि तपासण्यांना हा हिशोब लावता येत नाही. म्हणून पॉलिसी घेताना बाकी काही वाचा नका वाचू, रूम रेंटची ओळ वाचा, लिमिट नसलेलीच घ्या.

बरं, नियम आता जरा बरे झालेत. २०२४ मध्ये आयआरडीएने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) आधीच्या आजारांचं वेटिंग चार वर्षांवरून तीनवर आणलं, पाच वर्षं पॉलिसी सलग चालू असेल तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय "तुम्ही आजार लपवला" म्हणून क्लेम नाकारता येत नाही, आणि डिस्चार्जची कॅशलेस मंजुरी (बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते ती) तीन तासांत द्यायची. माझ्या वेळी सकाळी अकराला डॉक्टर "घरी जा" म्हणाले आणि मंजुरी आली संध्याकाळी सहाला, तोपर्यंत सलाईन काढलेला हात घेऊन खोलीत बसून होतो, तेही भाड्याच्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय. पण मोतीबिंदू, हर्निया, गुडघे असल्या गोष्टींना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं तरी थांबावं लागतं, आणि साठीनंतर प्रीमियम असा चढतो की पेन्शनवाला माणूस तिथेच पॉलिसी सोडतो, नेमकी गरज पडायच्या वेळेला. ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीने आयआरडीएला आधी विचारायचं असं २०२५ मध्ये ठरलंय, तरी दहा टक्के म्हणजे काही कमी नाहीत.

एक घोळ मात्र मी बऱ्याच जणांच्या डोक्यात बघतो, मामेभावाच्याही होता. "सरकारी पाच लाख आहेतच, वरून पाच लाख डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले पाच लाख सोडून वरचं बिल देणारा, स्वस्तातला सुपर टॉप-अप घेतो, झाले पंचवीस लाख." नाही होत. योजनेच्या हॉस्पिटलात पॅकेज रेटने बिल सहसा तिथवर जातच नाही, आणि यादीबाहेरच्या हॉस्पिटलात गेलात तर सरकारी कार्ड तिथे चालत नाही, म्हणजे पहिले पाच लाख तुमच्या खिशातून. सुपर टॉप-अप हवाच तर खाली छोटी का होईना बेस पॉलिसी पाहिजे.

मग निवडायचं काय? कार्ड तर काढाच, प्रत्येकाने, त्याला विचार करण्यासारखं काही नाही. घरात कोणी सत्तर किंवा त्यापुढचं असेल तर आयुष्मानचं वय वंदना कार्ड वेगळं काढा, ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता मिळतं आणि प्रायव्हेट पॉलिसी असली तरी चालतं. नंतर तुमच्या तालुक्यातली योजनेची हॉस्पिटलं बघा, हार्ट आणि कॅन्सरचं जवळ काय आहे ते खास. पुण्या-नाशकात राहणाऱ्याला भरपूर सापडतील, गडचिरोलीच्या आतल्या गावातल्याला प्रायव्हेट पॉलिसी घेऊनही फार फरक पडणार नाही कारण तिथे हॉस्पिटलच लांब आहे. पस्तीस-चाळिशीत असाल, आजार नसेल आणि हप्ता झेपत असेल तर मेडिक्लेम आत्ताच घ्या, वेटिंग तब्येत चांगली असतानाच सरून जाऊ दे. आईवडील पासष्टचे, शुगर आहे आणि प्रीमियम चाळीस हजार सांगतायत, तर मी कार्डावर भिस्त ठेवेन आणि ते चाळीस हजार दर वर्षी वेगळ्या एफडीत टाकेन. काही जणांना हे पटणार नाही.

सुधारायचं म्हटलं तर माझ्या मते कव्हरचा आकडा वाढवणं सगळ्यात शेवटी यावं. पाचाचे दहा लाख केले आणि हॉस्पिटलला पैसे उशिरा मिळत राहिले तर "योजनेचे बेड फुल आहेत" हेच ऐकायला मिळणार. पॅकेज रेट खर्चाप्रमाणे बदला, पैसे वेळेत द्या, बेड नाकारला की कारण लेखी द्यायला लावा. आणि गोळ्या! शुगर-बीपीची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळाली तर निम्मे स्टेंट लागणारच नाहीत असं आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, आकडा त्यांचा अंदाजपंचे, पण मुद्दा खरा. नीती आयोगाने २०२१ मध्येच सांगितलंय की देशात ४० कोटी लोक असे आहेत की ज्यांना ना सरकारी कव्हर आहे ना प्रायव्हेट. त्यांच्याकडून थोडी वर्गणी घेऊन सरकारी योजनेत येऊ द्यायला काय हरकत आहे? कामगार विम्यात (ईएसआय) पगाराचा पाऊण टक्का कामगाराचा आणि सव्वातीन टक्के मालकाचे, एवढ्यावर कामगाराचं अख्खं घर कव्हर होतंच की.

मामेभावाने पॉलिसी ठेवली, पण रूम लिमिट नसलेल्या कंपनीकडे पोर्ट करतोय, म्हणजे चालू पॉलिसी तिकडे हलवतोय, त्यासाठी रिन्यूअलच्या ४५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो आणि त्याच्याकडे आता बावन्न उरलेत. मामीच्या कार्डाचं केवायसी अडकलंय, बोटांचे ठसे उमटत नाहीत, उद्या परत सेतू केंद्रात जाणारेत.