मागच्या चाकांना ताकद पोचते का? ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान आणि वॅगन घेताना होणारी फसवणूक

वापरलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान किंवा वॅगन घेणाऱ्यांच्या तक्रारी वाचल्या की एकच प्रकार पुन्हा पुन्हा समोर येतो. डिकीवर चारही चाकांना ताकद असल्याचा बिल्ला असतो, किंमतही त्याचीच मोजलेली असते, आणि मागच्या चाकांपर्यंत ताकद पोचतच नसते. पहिल्या चिखलात, बर्फात किंवा ओल्या चढावर पुढची चाकं जागेवर फिरत राहतात तेव्हा हे कळतं. तोवर विकणाऱ्याने हात वर केलेले असतात.

हे खपतं याचं कारण साधं आहे. आडवं इंजिन असलेल्या बहुतेक सेडान-वॅगनमध्ये कोरड्या सरळ रस्त्यावर जवळजवळ सगळं काम पुढची चाकंच करतात. पुढची चाकं घसरायला लागली, किंवा घसरतील असं कंट्रोल युनिटला वाटलं, की मागच्या डिफरन्शियलजवळचं (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीजवळचं) क्लचचं कपलिंग दाबलं जातं आणि मग मागे ताकद जाते. त्यामुळे डांबरी रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटांची चक्कर मारून या यंत्रणेबद्दल काहीच समजत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो तेवढीच चक्कर मारू देतो.

सर्वांत सरळ लबाडी म्हणजे मधला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढून मागे ताकद नेणारा लांब दांडा, काढून टाकणं. कपलिंग अडकलं, शाफ्टचं मधलं बेअरिंग गेलं, जॉइंट खडखडायला लागला, की दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. त्यापेक्षा दोन्ही टोकांचे बोल्ट काढले की शाफ्ट खाली येतो आणि आवाज, धक्के, थरथर सगळं एकदम थांबतं. गाडी पुढच्या चाकांवर व्यवस्थित चालते. जुन्या व्होल्वो व्ही७० एडब्ल्यूडी (ऑल-व्हील-ड्राइव्ह) वॅगनमध्ये व्हिस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट द्रवावर चालणारं कपलिंग, जाम झालं की अनेक मालकांनी हाच मार्ग धरला. स्वतःच्या गाडीत स्वतःच्या माहितीने केलं तर त्यात गैर काही नाही. तीच गाडी ‘एडब्ल्यूडी’ म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारणं ही मात्र निव्वळ फसवणूक आहे.

म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मागच्या चाकांना वेगळी विजेची मोटर असलेल्या हायब्रिड गाड्या सोडल्या तर गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत सलग शाफ्ट दिसला पाहिजे. मधल्या बेअरिंगचा आधार जागेवर हवा आणि डिफरन्शियलमधून दोन्ही मागच्या चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट हवेत. कुठे रिकामा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) दिसला किंवा मोकळ्या तोंडावर झाकण ठोकलेलं दिसलं, तर शाफ्ट काढलेला आहे. मागे डिफरन्शियलच नसेल तर गाडी बहुधा मुळातच पुढच्या चाकांची आहे आणि बिल्ला नंतर चिकटवलाय. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात चेसिस नंबर दिला की गाडी कारखान्यातून कोणत्या ड्राइव्हट्रेनसह निघाली ते सहसा समजतं. बिल्ल्यावर कधीच विसंबू नका.

पण शाफ्ट जागेवर आहे म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. २०००च्या दशकातल्या व्होल्वो एस६०, व्ही७० आणि एक्ससी७० मध्ये गिअरबॉक्सला जोडलेल्या, ताकद मागच्या दिशेला वळवणाऱ्या अँगल गिअरमध्ये दातेरी स्लीव्ह असते. तिचे दाते झिजून गुळगुळीत झाले की मागे ताकद जाणं बंद होतं, आणि खालून पाहताना मात्र सगळं जागच्या जागी दिसतं. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्ह, म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह, गाड्यांमध्ये रचना उलटी आहे. तिथे मागची चाकं मुख्य असतात, त्यामुळे लबाडी करायची तर पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढतात. पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या टॉर्सन सेंटर डिफरन्शियलच्या ऑडी क्वात्रोमध्ये (क्वात्रो हे ऑडीच्या ऑल-व्हील-ड्राइव्हचं नाव) हा डाव सहज चालत नाही, कारण एका बाजूचा शाफ्ट काढला की गाडी नीट पुढेच सरकत नाही. आपण पाहतोय ती गाडी यातल्या कोणत्या जातीची, हे आधी समजून घ्या. बाकीची तपासणी त्यावर ठरते.

सुबारूची गोष्ट वेगळी. १९९० च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या चार गिअरच्या ऑटोमॅटिक लेगसी, आउटबॅक आणि इम्प्रेझामध्ये बॉनेटखाली ‘एफडब्ल्यूडी’ (फ्रंट-व्हील-ड्राइव्ह) लिहिलेली फ्यूजची रिकामी जागा असते. छोटी स्टेपनी लावून काही अंतर जायचं असेल तर तिथे फ्यूज बसवायचा, म्हणजे मागचा क्लच सुटतो आणि गाडी पुढच्या चाकांवर चालते. या गाड्यांमध्ये तो क्लच अडकला की वळणावर गाडी आखडते. काही विकणारे तिथे फ्यूज खोचून ठेवतात, काही वेळा त्याने आखडणं थांबतं, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागायला हवा, पण दिवा काढून टाकता येतो. म्हणून फ्यूजबॉक्सचं झाकण स्वतः उघडा. ती जागा रिकामी असली पाहिजे.

आता टायर. सौदा पटवताना विकणारा अभिमानाने सांगतो, ‘पुढचे दोन टायर कोरे टाकून दिलेत.’ ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत ही भेट नसून धोक्याची घंटा आहे. सुबारूची मर्यादा अशी, की चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे साधारण ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको. परीघ ६ मिमीने बदलायला त्रिज्या फक्त १ मिमीने बदलावी लागते. कोऱ्या टायरची नक्षी ८ मिमी खोल आणि जुन्याची ४ मिमी असेल तर परिघातला फरक होतो सुमारे २५ मिमी. चाकाचा परीघ २ मीटर धरला, तर कोरं चाक किलोमीटरला ५०० फेरे घेतं आणि झिजलेलं सुमारे ५०६. हा फरक प्रत्येक किलोमीटरला, सरळ रस्त्यावरसुद्धा, मधल्या कपलिंगला किंवा डिफरन्शियलला सोसावा लागतो. डिफरन्शियलच्या गुणोत्तरामुळे शाफ्टवर तो आणखी वाढतो. तेल तापतं, क्लच प्लेट्स करपतात, व्हिस्कस कपलिंगमधला सिलिकॉनचा द्रव घट्ट होऊन ते कायमचं जखडतं. नुकसान आधीच्या मालकाच्या हातून सुरू झालेलं असतं आणि नाव नव्या मालकाचं येतं: ‘तुम्हीच गाडी नीट चालवली नाही.’

मोजायला सोपं आहे. चारही टायर थंड असताना हवा सारखी करा, खडूने टायरवर आणि जमिनीवर खूण करा, गाडी सरळ ढकलत चाकाचे पाच फेरे होऊ द्या आणि अंतराला पाचाने भागा. मग प्रत्येक टायरच्या बाजूवरचा चार आकडी छाप वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि जवळपास एकाच काळातले असावेत, कारण बाजूला छापलेला आकार एकच असला तरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या टायरचा खरा परीघ वेगळा निघतो. चारही टायर कोरे करकरीत असतील तर आधीचे का काढले हे विचारा आणि जुनी बिलं पाहा.

तेलाची मलमपट्टीही जुनीच आहे. ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीत) ताजं तेल आणि घर्षण बदलणारं ॲडिटिव्ह घातलं की थरथर काही दिवस दबते. मागच्या डिफरन्शियलमध्ये नको तितकं जाड तेल घातलं की घूंऽऽ असा आवाज दबतो. विक्रीच्या तोंडावर ‘सगळी तेलं बदलली’ असं कुणी सांगितलं तर बिलावर तेलाचं नेमकं नाव आहे का ते बघा. तेल काढताना आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच खालचा उघडा. वरचा घासून गोल झालेला असेल तर डिफरन्शियल रिकामं होईल आणि भरता येणार नाही. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी मऊ पेस्ट दिसणं स्वाभाविक आहे. चमकणारे कण किंवा धातूचे तुकडे दिसले तर सौदा तिथेच सोडा.

रस्त्यावरची तपासणी गाडी पुरती तापल्यावरच करायची, म्हणून निदान वीस मिनिटं चालवा. कोरड्या, पक्क्या, मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. गाडी कुणीतरी ब्रेक धरल्यासारखी अडत असेल, झटके देत असेल, टायर फरपटत असतील, तर मागची-पुढची चाकं एकमेकांशी जखडलेली आहेत. नंतर सुट्या खडीवर उभ्या स्थितीतून ॲक्सिलरेटर जोरात दाबा. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर आधी बंद करा. एक माणूस बाजूला, सुरक्षित अंतरावर उभा करा. पुढची चाकं खडी उडवत राहिली आणि मागची निवांत राहिली, तर मागे ताकद जात नाही. पुढचा किंवा मागचा भाग जॅकवर उचलून गिअर टाकायचा प्रयोग मात्र कुणी सांगितला तरी करू नका. जमिनीवरच्या चाकांना ताकद मिळाली की गाडी जॅकवरून उडी मारते.

स्कॅनर लावल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाड) दिसले नाहीत म्हणून हुरळू नका, ते पाच मिनिटांपूर्वी पुसलेले असू शकतात. ओबीडी-२ या स्कॅनरच्या प्रमाणित जोडणीतून कोड पुसल्यानंतर गाडी किती अंतर चालली याची नोंद वाचता येते. ती १५ किलोमीटर असेल आणि रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच करते त्या तपासण्यांच्या नोंदी) अपुरे असतील, तर कुणीतरी नुकतेच पुसले असण्याची दाट शक्यता आहे. इंजिनाशिवाय एबीएस आणि ऑल-व्हील-ड्राइव्हची युनिट्सही वाचायला सांगा, कारण स्वस्त स्कॅनर फक्त इंजिन बघतो. काही गाड्यांमध्ये अशा युनिट्समध्येही किलोमीटरची नोंद असते. ती मीटरशी जुळली नाही तर मीटर मागे फिरवलेला असू शकतो.

गाडी घेतल्यावर गॅरेजमध्ये होणारी फसवणूक याच यंत्रणेभोवती फिरते. फोक्सवॅगन, श्कोडा आणि ऑडीच्या अनेक गाड्यांतलं, मागे ताकद सोडणारं हालडेक्स कपलिंग घ्या. पाचव्या पिढीच्या कपलिंगमध्ये पंपाच्या तोंडाला बारीक जाळी असते. क्लचचा गाळ साचून ती तुंबते, पंपावर ताण येतो आणि तो जळतो. पुष्कळदा डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. गॅरेजवाला लिटरभराच्याही आत असलेलं तेल बदलतो, पूर्ण सर्व्हिसचं बिल लावतो आणि जाळीला हात लावत नाही. काही ठिकाणी तेलही बदललेलं नसतं. काम देताना ‘पंप बाहेर काढून जाळी साफ करणे’ हे शब्द जॉब कार्डवर लिहून घ्या, काढलेल्या पंपाचा फोटो मागा, जुनं तेल बघा. आधीच्या पिढ्यांमध्ये बदलण्याजोगा फिल्टर असतो, तो जुना परत मागा. काम झाल्यावर स्कॅनरने पंप चालवून दाखवायला सांगा.

एक्सड्राइव्ह गाडी हळू वेग घेताना थरथरली की थेट ट्रान्सफर केस बदलायला सांगणारे भेटतात. क्रम असा हवा: आधी चारही टायर मोजा. मग ट्रान्सफर केसचं तेल कंपनीने सांगितलेलं तेच घाला आणि स्कॅनरने तेल बदलल्याची नोंद रीसेट करा. मग ॲक्चुएटर मोटर (केसमधला क्लच दाबणारी मोटर) काढून तिचा प्लास्टिकचा गिअर बघा. एवढं करूनही थरथर राहिली तरच केसचा विषय. टायरचा फरक तसाच ठेवून नवी केस बसवली तर तीही जाते, आणि वॉरंटीच्या वेळी टायरचंच कारण पुढे करून नकार मिळतो.

टोइंग हेही विचारायचं राहून जातं. दोन चाकं उचलून आणि दोन रस्त्यावर ठेवून गाडी ओढली असेल तर कपलिंग किंवा गिअरबॉक्स आतून मोडलेला असू शकतो. अपघातातून आलेल्या गाडीत हा प्रश्न आधी विचारा. तुमची गाडी बंद पडली तर चारही चाकं फ्लॅटबेडवर चढवायलाच सांगा.

विक्रीच्या कागदावर ‘ऑल-व्हील-ड्राइव्ह यंत्रणा पूर्ण आणि चालू स्थितीत आहे’ हे वाक्य विकणाऱ्याच्या सहीने लिहून घ्या. जो ते लिहायला तयार होत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. फसवणूक नंतर लक्षात आली तर दुरुस्तीची घाई करू नका आणि कोड पुसू देऊ नका. गाडीची जाहिरात काढून टाकली जाण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घ्या. लिफ्टवर खालून फोटो काढा, सोबत चेसिस नंबर आणि मीटरचं वाचन यांचेही फोटो घ्या. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तारीख टाकलेला लेखी अहवाल घ्या, त्यात कोणता भाग नाही किंवा कोणता निकामी आहे हे नावानिशी हवं. त्यानंतरच लेखी तक्रार पाठवा. काढलेले भाग भंगारात जाऊ देऊ नका, पिशवीत घालून स्वतःकडे ठेवा.