टीएनएफ अडवायचं ठरलंय, पण अ‍ॅडालिमुमॅब घ्यायचं की इटॅनरसेप्ट?

मेथोट्रेक्झेट हे नेहमीचं पहिलं औषध घेऊनही संधिवाताची (रुमॅटॉइड आर्थरायटिसची) सूज उतरत नाही आणि डॉक्टर बायोलॉजिकचं, म्हणजे जिवंत पेशींमध्ये बनवलेल्या प्रोटीन-औषधाचं, नाव काढतात, तेव्हा बऱ्याचदा ही दोन नावं समोर येतात. दोन्हींचं काम एकच, टीएनएफ-अल्फा हे प्रोटीन अडवायचं. इन्फेक्शन झालं की आपल्याच पांढऱ्या पेशी बाकीच्यांना जागं करायला ते सोडतात, पण संधिवातात ते सांध्यात काही कारण नसताना येतच राहतं, मग सूज, सकाळचा आखडलेपणा आणि पुढे हाडाची झीज. लंडनच्या फेल्डमन आणि मैनी या संशोधकांनी १९९२ मध्ये पेशंटमध्ये टीएनएफ अडवून बघितलं, तिथून ही सगळी औषधं पुढे आली.

नुसत्या सांध्यांचा विचार केला तर दोन्ही साधारण सारखीच. इटॅनरसेप्ट ५० मिग्रॅ आठवड्याला एकदा, अ‍ॅडालिमुमॅब ४० मिग्रॅ दोन आठवड्यांनी एकदा, सुई पोटावर नाहीतर मांडीवर घरीच टोचता येते.

पण डोळ्यात वारंवार युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) होत असेल किंवा आतड्याचा क्रोन्स (आतड्याला सतत सूज राहणारा आजार) असेल तर सरळ अ‍ॅडालिमुमॅब, कारण क्रोन्सवर इटॅनरसेप्ट चालत नाही आणि डोळ्यांनाही त्याचा भरवसा नाही. म्हणून डोळे लाल होणं, महिनोन्‌महिने जुलाब हे संधिवाताच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

आता टीबी, आणि माझ्या मते आपल्याकडे निर्णय इथेच फिरतो. जुने टीबीचे जंतू फुफ्फुसात गाठी करून कोंडलेले असतात आणि त्या गाठी टिकून राहायला टीएनएफ लागतो, तो अडवला की जंतू सुटू शकतात. धोका दोन्हींत आहे, पण अ‍ॅडालिमुमॅबमध्ये जास्त, ब्रिटनच्या पेशंट रजिस्टरमध्ये तो इटॅनरसेप्टच्या तीन-चार पट निघाला. त्यामुळे घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल आणि त्रास फक्त सांध्यांचा असेल तर मी इटॅनरसेप्टकडे झुकेन. शिवाय ते शरीरातून लवकर उतरतं, इन्फेक्शन झालं किंवा ऑपरेशन निघालं तर ते बरं पडतं.

कुठलंही घ्या, आधी छातीचा एक्स-रे, लपलेला टीबी शोधायला मॅन्टू (कातडीत सुई टोचून करायची टेस्ट) किंवा इग्रा (रक्ताची टेस्ट), आणि हिपॅटायटिस बी-सी तपासा. मॅन्टू टोचल्यावर ४८ ते ७२ तासांनी दाखवायलाच जा, तिथे लाली मोजत नाहीत, बोटाला लागणारी टणक सूज मोजतात, घरच्या घरी बघून निगेटिव्ह ठरवू नका. लपलेला टीबी निघाला तर आधी त्याच्या गोळ्या सुरू होतात आणि साधारण महिन्याभराने बायोलॉजिक.

एक अजून, अ‍ॅडालिमुमॅबविरुद्ध शरीर स्वतःच अँटीबॉडी बनवतं आणि असर उतरतो, मेथोट्रेक्झेट सोबत चालू ठेवलं तर हे कमी होतं, इटॅनरसेप्टला ही अडचण फारशी येत नाही. म्हणजे मेथोट्रेक्झेट सोसत नसेल तर पारडं परत इटॅनरसेप्टकडेच.

खर्चाचं म्हणाल तर दोन्हींचे बायोसिमिलर (मूळ बायोलॉजिकसारखीच दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली औषधं) भारतात मिळतात, झायडस कंपनीने अ‍ॅडालिमुमॅबचं २०१४ मध्येच आणलं, पण एका सुईचा भाव बघू नका, पूर्ण महिन्याचा विचारा, दोन सुया आणि चार सुया यात हिशोब उलटा होऊ शकतो.